हँडल काढायचं राहिलं

२०२३ साल. मला एकाहत्तरावं लागलं होतं. शिक्षण तिसरी, पण नायगावच्या आसपासच्या विहिरींवरची डिझेल इंजनं मी चाळीस वर्षं खोलली आणि जोडली. बंद पडलेली वस्तू का बंद पडली हे कळल्याशिवाय मला अजून जेवण जात नाही.

नात लातूरला शिकून घरी आलेली. दुसऱ्या दिवशी अकराला तिची नोकरीची मुलाखत, तीही लॅपटॉपवरच; मोबाइल चालणार नाही असं त्यांनी आधीच कळवलेलं. आणि लॅपटॉप सकाळपासून उघडेना. शेवटी तिनं ठरवलं, जुनं सगळं पुसून नवी सिस्टीम टाकायची. पोरं याला फॉरमॅट मारणं म्हणतात. कॉलेजातून भरून आणलेला पेनड्राइव्ह तिनं बाजूच्या खाचेत बसवला.

मी खडू घेऊन शेजारी बसलो. इंजन खोलताना कशामागून काय निघालं ते मी जमिनीवर मांडत जायचो, तीच सवय. इंग्रजी वाचता येत नाही, पण पानाचा चेहरा ओळखू येतो. पडद्यावर एक पान आलं की फरशीवर एक चौकोन.

"आबा, फरशी काहून रंगवून राहिले?"

"तुझं यंत्र कुठं अडतंय ते सापडंल."

चौथ्या चौकोनात आकडे चढत चढत शंभरावर गेले. पडदा काळा झाला, लॅपटॉप आपणच बंद होऊन पुन्हा चालू व्हायला लागला. तिनं पेनड्राइव्हला हात घातला. "आबा, हा काढू का आता?"

"हात लावू नको! चालू कामात कुनी हात घालतंय व्हय?"

तिनं हात मागं घेतला. पाचव्या चौकोनासाठी मी वाकलो, आणि समोर बघतो तर पहिलंच पान. तिनं सगळं पुन्हा केलं. पुन्हा तीच चार पानं, पुन्हा पहिलं पान.

तोवर चार वाजले होते. नांदेडची शेवटची एसटी पाचला. नात पिशवी भरायला लागली. तिथला लॅपटॉप दुरुस्तीचा दुकानवाला फोनवर म्हणाला होता, घेऊन या, पण उद्यापर्यंत होईलच असं सांगत नाही.

"आवं, जाऊ द्या तिला," आमची बायको म्हणाली. "तुमची मास्तरकी लेकराच्या नोकरीला भोवंल."

"एसटीला टाइम हाय अजून."

मी बटण दाबून लॅपटॉप बंद केला. पुन्हा चालू केला. या खेपेला पडद्याकडं बघितलंच नाही, बाजूनं बघितलं. पेनड्राइव्हचा बारका लाल दिवा आधी लुकलुकला, मग पान आलं. परत बंद, परत चालू. दर वेळी आधी दिवा, मग पान. म्हणजे यंत्र दर खेपेला त्या पेनड्राइव्हपासूनच सुरू होत होतं; आत टाकलेल्या नव्या मालाकडं त्याची नजरच जात नव्हती.

माझा हात उजव्या मनगटाकडं गेला. तिथं हाडाची गाठ आहे. शिकत होतो तेव्हा हँडल मारून इंजन चालू केलं आणि हँडल काढायचं विसरलो. ते फिरून मनगटावर बसलं. इंजन धरलं, म्हणजे आपलं आपण फिरायला लागलं, की हँडल आधी काढायचं, हे मी पुढं कितीजणांना शिव्या देऊन शिकवलं. आणि आज नात पेनड्राइव्ह काढत होती तर मीच ओरडलो.

लॅपटॉप बंद केला. "माय, काढ तो."

तिनं काढला. बटण मी दाबलं. काळा पडदा, मग गोल फिरणारे ठिपके, मग कधी न पाहिलेलं पान. मी पाचवा चौकोन काढला.

मान खाली ठेवूनच म्हणालो, "मघा तू म्हनलीस तेच बरोबर होतं."

"माझं कधी बरोबर निघालं तरी असंच सांगत जावा," चुलीपाशी बायको पुटपुटली.

नात हसली, पिशवीतले कपडे काढायला लागली. बायको फरशी पुसायला फडकं घेऊन आली, पण मी पुसू दिली नाही. चालू झालं म्हणजे दुरुस्त झालं असं नसतं. रात्रभर थंड झालेलं इंजन सकाळी पहिल्या हँडलला धरलं, तरच दुरुस्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी मी लॅपटॉपसमोर बसलो. खाच रिकामी आहे का, बोट फिरवून बघितलं. बटण दाबलं. ठिपके फिरले आणि पडदा उजळला. मग नातीला हाक मारली, फडकं ओलं केलं आणि पाचही चौकोन माझ्या हातानं पुसले.