थबकलेल्या लाटांचं गणित

पनवेल सोडलं तेव्हा टॅक्सी कोळीवाड्याच्या तोंडाशी उभी होती आणि आय माझ्या हातात सुकटीची पुडी कोंबत होती. बाबा गेल्यापासून ती एकटीच बाजारात मासळी विकते. मला वाटलं होतं, आता रडेल. ती म्हणाली, "नीघ लवकर. माजी कोलंबी उन्हात हाय." असा राग आला म्हणून सांगू! विमानतळापर्यंत मी ड्रायव्हरशीसुद्धा बोलले नाही.

आता जर्मनीत आहे, पीएचडी झाली. माझं काम लाटांच्या बेरजेचं, म्हणजे कागदावरच्या, गणितातल्या लाटांच्या. अनेक दिशांना पसरलेल्या, झपाझप वरखाली होणाऱ्या लाटा एकत्र केल्या की बहुतेक एकमेकींना खाऊन टाकतात. जिथे लाट जराशी थबकते, तिथलंच काय ते उरतं. त्या थबकलेल्या जागा शोधायच्या आणि त्यांवरून उत्तराचा अंदाज बांधायचा. तंतोतंत उत्तर काही हाती लागत नाही.

आयने बाजारभर सांगितलंय, पोरगी लाटांचं शिकते. मग कोळीवाड्यातून फोन येतात, उद्या दर्या कसा हाय? अहो, मला होडीत बसलं की ओकारी येते! घर सोडून गेलेल्या तुम्हा सगळ्यांचं असंच होतं का? आपलं काम घरी सांगावं, तर तिथे पोचेपर्यंत त्याचं भलतंच काहीतरी झालेलं असतं.

गेल्या आठवड्यात इथल्या विद्यापीठाने मला कायमची नोकरी देऊ केली. सोमवारी हो की नाही ते सांगायचं होतं. तिकडे आयचे गुडघे गेलेत. डोक्याचा नुसता भुगा झालाय. आमच्या अंदाजाची एक खोड आहे: एकेक दुरुस्ती जोडत गेलं की आधी उत्तर सुधारतं, पण थांबलं नाही तर बिघडत जातं. रविवारी व्हिडिओ कॉलवर माझं तेच झालं. पगार, व्हिसा, तिथे येऊन मी करू काय, तुलाच इकडे आणू का, पण तुला थंडी सोसेल का... मी आपली बोलत सुटले. आय कोलंबी सोलत ऐकत होती.

"तुजं नक्की ठरलंय काय?"

"नाय कळत गं, आय." आणि मला रडूच फुटलं.

तिने हात धुतले, फोन जवळ घेतला.

"मंग हितं ये नि नाय कळूंदे."

मी उत्तराला मुदत वाढवून मागितली, तिकीट काढलं. आता ओटीवर बसूनही मला काही कळणार नाहीच. पण शेजारी आय असेल.