भिकुबाईंचे कापलेले उत्तर

गेली पाच वर्षे चोपड्यापासून धुळ्यापर्यंत एकही लग्न असे लागले नाही, ज्यात भिकुबाईंच्या भाकरीवर लोक नाचले नाहीत. नवरदेव घोड्यावरून उतरला की साउंडवाला ते गाणे लावतो आणि वरातीतले शहाणेसुरते लोकसुद्धा हात वर करून ओरडू लागतात:

"नदीकाठनी भिकू, तिनी भाकर वाकडी,
कुत्रं बी म्हने, बरी शे लाकडी!"

भिकूची भाकर इतकी वाकडी, की कुत्रेसुद्धा म्हणते, त्यापेक्षा मला काठीचा मार बरा. ज्या भिकूविषयी हे म्हटले आहे ती भिकू कोणी कल्पनेतली बाई नव्हे. ती अनेर नदीच्या अलीकडच्या काठावर, जळगाव जिल्ह्याच्या हद्दीत राहते. तिचे वय अडुसष्ट आहे, केळीच्या बागेत ती अजून स्वतः पाणी धरते आणि तिची भाकर चंद्रासारखी गोल असते, हे तिच्या हातचे जेवलेला कोणीही शपथेवर सांगेल.

हे गाणे तयार करणाऱ्याचे नाव बादल होते. पलीकडच्या काठावरील, म्हणजे धुळे जिल्ह्यातील पितांबर आबांचा तो धाकटा मुलगा. शिरपुरात एका रसवंतीच्या वरच्या खोलीत संगणक मांडून तो अहिराणी रॅपची गाणी बनवीत असे. त्याला गाता येत नव्हते आणि कोणतेही वाद्य वाजवता येत नव्हते. दुसऱ्यांचे आवाज आणायचे, त्यांचे तुकडे करायचे आणि एकच तुकडा पुन्हा पुन्हा फिरवायचा, एवढी त्याची विद्या. जातेसुद्धा गोल फिरते, पण त्यातून पीठ तरी पडते, असे भिकुबाई म्हणत. गेल्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी कावीळ होऊन तो वयाच्या एकतिसाव्या वर्षी गेला आणि त्याच महिन्यात तो महापुरुष झाला. एका भिंतीवर त्याचे चित्र निघाले. कानांवर हेडफोन, डोळे आभाळाकडे, खाली 'खानदेशचा ताल'. पुण्याहून मुले येऊन त्या भिंतीपुढे फोटो काढू लागली.

भिकुबाईंचा राग समजण्यासाठी आखाजीचा रिवाज सांगितला पाहिजे. त्या दिवशी दोन्ही गावांच्या बाया गौराई घेऊन नदीवर येतात. मध्ये वाळूचे पात्र असते. अलीकडच्या बाया पलीकडच्यांना गाण्यातून शिव्या देतात, पलीकडच्या उत्तर देतात. ज्या काठाला उत्तर सुचत नाही, तो काठ हरला. मनात कोणी काही ठेवीत नाही, कारण शिवीला शिवी मिळालेली असते. भिकुबाई सोळाव्या वर्षी लग्न होऊन या काठावर आल्या, आणि समोरच्या काठावर त्यांच्याच वयाची रत्नाबाई उभी होती. शेहेचाळीस आखाज्या त्या दोघी एकमेकींना नदीवरून धूत आल्या. एरवी बाजारात भेटल्या की एकमेकींच्या नातवंडांची चौकशी करीत.

सहा वर्षांपूर्वीच्या आखाजीला बादल बांबूला माइक बांधून पात्राच्या मधोमध उभा होता. रत्नाबाईने वाकड्या भाकरीची शिवी दिली. पलीकडचा काठ खदखदला. भिकुबाईंनी पदर खोचला आणि लगेच उत्तर टाकले:

"वाकडी ते वाकडी, चुल्हावर चढी,
तुना धनी मांगस तीच घडीघडी!"

तुझा नवरा तीच वाकडी भाकर माझ्याकडे पुन्हा पुन्हा मागतो, याचा अर्थ समजायला कोणाला शाळेत जावे लागत नाही. दोन्ही काठ हसून वाळूवर बसले. रत्नाबाईने तोंडावर पदर घेतला आणि हात जोडले. त्या दिवशी भिकुबाई जिंकल्या, हे दोनशे माणसांनी पाहिले.

दिवाळीच्या आधी गाणे आले. भिकुबाईंनी ते पुतण्याच्या लग्नात प्रथम ऐकले. रत्नाबाईचा आवाज ओळखला आणि आपल्या आवाजाची वाट पाहत त्या मांडवात उभ्या राहिल्या. शिवी आली. मग नुसता ढोल वाजला. पुन्हा तीच शिवी आली. पुन्हा ढोल. सहा मिनिटे त्या वाट पाहत राहिल्या आणि गाणे संपले. समोर त्यांचे यजमान जीवराम रुमाल उडवीत नाचत होते.

"तुमी बी?" भिकुबाईंनी विचारले.

"अगं, पाय आपोआप हालतस."

"पाय हालतस, मंग तोंड कसाले बंद शे? शेचाळीस वरीस खाई राह्यनात. सांगा ना लोकेसले, भाकर कशी शे ती!"

जीवरामांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला.

दुसऱ्याच दिवशी भिकुबाई दोन भाकरी फडक्यात बांधून शिरपूरला गेल्या. बादलने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले, पाया पडला. भिकुबाईंनी फडके सोडून भाकर त्याच्या संगणकावर ठेवली.

"देख. कोठे वाकडी शे?"

"नही अक्का, गोल शे."

"मंग मनं उत्तर कोठे गयं?"

बादल भाकर खात म्हणाला, "अक्का, तुमनं उत्तर लई भारी व्हतं. पन ते उनं का नाच थांबी जास. लोके नाचनं सोडीसन हासत बसतस."

"मंग हासू दे ना! भांडनमा एकच बाजू ठेवस, आनि त्याले गानं म्हनस?"

त्याने पुढच्या गाण्यात उत्तर घालतो असे वचन दिले. पुढच्या गाण्यात त्याने ट्रॅक्टरचा आवाज घातला.

खरी हानी पुढच्या आखाजीला झाली. भिकुबाई वर्षभर जपून ठेवलेल्या चार शिव्या घेऊन नदीवर गेल्या, तर पलीकडच्या काठावर तरुणांनी मोठा स्पीकर आणून ठेवलेला. रत्नाबाई गायलीच नाही. तिने नुसते स्पीकरकडे बोट दाखवले. भिकुबाई घसा फोडून उत्तर देत राहिल्या, पण यंत्राला कान नसतात. ते तीच शिवी म्हणत राहिले. त्यानंतरच्या वर्षी अलीकडच्या काठानेही स्पीकर आणला. मग दोन्ही काठ नाचू लागले आणि उत्तर द्यायला कोणी उरले नाही. दोन वर्षांपूर्वी रत्नाबाई वारली. जाताना ती हरलेली होती, हे सांगणारा एकच पुरावा होता आणि तो बादलने कापून टाकला होता.

या सर्व काळात भिकुबाईंनी एक गोष्ट मिळवली. वयाच्या पासष्टाव्या वर्षी त्या गावच्या शाळेतील प्रौढ वर्गात बसू लागल्या. शिकवणारी मोनाली ही त्यांच्या नातीच्या वयाची, पण त्या तिला ताईच म्हणत. म्हणून यंदा बादल स्मृती समितीचे पत्र आले, तेव्हा ते त्यांनी स्वतः वाचले. एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचले, त्यामुळे एकही शब्द निसटला नाही. आखाजीच्या दिवशी सकाळी शिरपुरात बादलच्या नावाने कार्यक्रम होता. 'भिकू या लोकपात्राशी नामसाधर्म्य असलेल्या ज्येष्ठ भगिनी' म्हणून त्यांना बोलावले होते. मनोगत आधी लेखी पाठवावे, अशी सूचना होती.

भिकुबाईंनी अकरा दिवस लिहिले. पहिले वाक्य असे होते: 'बादलने माझी भाकर खाल्ली.' दुसरे: 'ती गोल होती.' तिसरे: 'त्याने माझे उत्तर कापले.' चौथ्या आणि पाचव्या ओळीत ते उत्तर होते.

आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात. कार्यक्रमात बादलच्या आईने ती भरलेली घागर फोटोपुढे ठेवली, तेव्हा भिकुबाईंनी हात जोडले. मुलाची घागर आईने भरावी, याहून वाईट काही नाही, हे त्यांना कळत होते. बाकी जे चालले होते ते त्यांनी हात मांडीवर ठेवून पाहिले. धुळ्याहून आलेल्या एका प्राध्यापकांनी पाऊण तास भाषण केले. शिवीनंतर जो नुसता ढोल वाजतो त्याला ते 'रिकामा ताल' म्हणाले. "त्या रिकाम्या जागेत खानदेशाचे हजार वर्षांचे मौन आहे. अशी जागा सोडायला प्रतिभा लागते."

"तठे मनं उत्तर व्हतं," भिकुबाई शेजारी बसलेल्या मोनालीला म्हणाल्या. त्या हळू बोलल्या नव्हत्या. पुढच्या दोन रांगांनी मागे वळून पाहिले.

मग समितीचे अध्यक्ष प्रेमराजभाऊ कागद घेऊन उभे राहिले. "भिकुबाई अक्कांचे मनोगत मी वाचतो. बादलने माझी भाकर खाल्ली." ते थांबले, डोळे पुसले आणि कागद खिशात घातला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"भाऊ, पुढे बी लिखेल शे," भिकुबाई जागेवरून म्हणाल्या.

"अक्का, वेळ कमी आहे. भावना पोहोचली."

अकरा दिवसांचे लिहिणे पहिल्या ओळीवर कापले गेले. कापण्याची विद्या बादलबरोबर गेली नव्हती, ती समितीने नीट सांभाळली होती.

शेवटी गाणे लागले. तरुण खुर्च्या सारून नाचू लागले. रत्नाबाईचा आवाज मांडवभर घुमला, कुत्रे काठीला बरे म्हणाले, आणि ढोल सुरू झाला. भिकुबाई उठल्या. माइक प्रेमराजभाऊंच्या हातात सैल होता, तो त्यांनी काढून घेतला. पुढची शिवी संपेपर्यंत त्या थांबल्या आणि मग त्यांनी पदर खोचून उत्तर टाकले.

दोन ओळी त्या जागेत बरोबर बसल्या, एका मात्रेचाही फरक नाही. नाचणारे हात वरच्या वर थांबले. आधी मागच्या बाया हसल्या, मग पुरुष, मग ज्यांना अर्थ उशिरा कळला ते. नाच पूर्ण थांबला. सगळे उभे राहून हसत होते. बादलने खोलीत जे सांगितले होते ते अक्षरशः खरे झाले.

भिकुबाईंच्या मनातून मात्र बादल उरलासुरलाही उतरला. तो अडाणी असता, तर त्यांनी माफ केले असते. त्याला सगळे ठाऊक होते. उत्तर कुठे बसते, किती मापाचे आहे, त्याने काय होते, हे सर्व मोजून त्याने ते कापले होते. शिंपीसुद्धा सरळ कापतो, पण कापड फाडण्यासाठी नव्हे, शिवण्यासाठी.

तेवढ्यात बायांमधून एक आवाज आला. ती रत्नाबाईची सून रूपा होती. कमरेवर हात ठेवून ती खुर्चीवर चढली होती.

"म्हातारपने भिकू पाटी लिसन बसनी,
क लिखाले गयी, नि ख वर घसरनी!"

मांडव पुन्हा खदखदला. पाच वर्षांत प्रथमच भिकुबाईंना नवी शिवी मिळाली होती. त्यांचा चेहरा उजळला. स्पीकरमधून रत्नाबाई अजून तीच वाकडी भाकर म्हणत होती. भिकुबाईंनी साउंडवाल्याकडे पाहिले.

"आते बंद कर ते," त्या म्हणाल्या. "मानूस बोलस."

त्याने प्रेमराजभाऊंकडे पाहिले, मग बटण दाबले. भिकुबाईंनी पदर पुन्हा खोचला.