नाही म्हणणारं गिऱ्हाईक

अकोल्याच्या जुन्या हापिसाचा विषय निघाला की अन्सारभाईंना आधी शालिकराम आठवतात. काय दिवस होते ते! अन्सारभाई फवारणी पंपांच्या कंपनीत होते. पंप विकायचं काम विक्रेत्यांचं आणि विक्रेत्यांना तयार करायचं काम अन्सारभाईंचं. नवा पंप आला की तो खोलून दाखवायचा, गिऱ्हाइकाशी काय बोलायचं ते शिकवायचं. शालिकराम हे चांदूर रेल्वे तालुक्यातली गावं फिरणारे सगळ्यांत जुने विक्रेते. वर्गात बसले की लगेच घोरायला लागायचे.

दुसरा कोणी असता तर वर चुगली करून मोकळा झाला असता. अन्सारभाई मात्र एका सकाळी शालिकरामांच्या मोटरसायकलवर मागे जाऊन बसले. म्हणाले, "चला, मलेबी फिरवा."

दोन हजार पाच-सहाची ती वर्षं. कापसानं सगळ्यांचा जीव मेटाकुटीला आणलेला. पिशवीवाला विक्रेता दिसला की लोक दारातूनच वाटेला लावत. पण 'नाही' ऐकलं की शालिकरामांचा चेहरा उलट खुलायचा! ओट्यावर फतकल मारून ते घरातला जुना पंप मागवत, खोलून साफ करत, आणि मग गप्पा अशा रंगत की गिऱ्हाईक स्वतःच नव्याचं विचारी.

दुपारी निंबाखाली दोघांनी एकाच फडक्यावर भाकरी-ठेचा खाल्ला. त्यानंतर अन्सारभाई कॅबिनमध्ये एकटे कधी जेवले नाहीत. व्हरांड्यात विक्रेत्यांच्या घोळक्यात डबा उघडू लागले. ईद झाली की अन्सारभाईंच्या बायकोनं, सिताराभाभींनी, दिलेल्या शीरखुर्म्याचा डबा शालिकराम बोट फिरवून चाटूनपुसून साफ करायचे.

पुढं कंपनीनं माणसं कमी करायची ठरवली. मुंबईहून साहेब आले. प्रत्येकानं उभं राहून नवा पंप समजावून सांगायचा. ज्याला जमणार नाही, त्यानं घरी बसायचं.

शालिकराम उभे राहिले आणि त्यांची दातखीळच बसली. मान खाली, कपाळावर घाम. साहेबांनी घड्याळ पाहिलं. अन्सारभाईंना वाटलं, या वयात हा माणूस दुसरीकडं कुठं जाणार? मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. समोर नाही म्हणणारं कोणी नसेल तर शालिकराम बोलतील कसे?

ते उठले, कोपऱ्यातला जुनाट पंप ओढत आणला, दारात उकिडवे बसले आणि खेकसले, "कावून आला गा? नाई पायजे आमाले काई!"

शालिकरामांनी मान वर केली. पाहिलं. मग मिशीत हसले.

"नको तं नको, भाऊ. जुना कसा चालते, ते तं दाखव!"

मग काय, गाडी सुटली ती थांबेचना. साहेबसुद्धा खुर्ची पुढं ओढून ऐकू लागले. शालिकरामांची नोकरी राहिली.

काही वर्षांनी ते निवृत्त झाले. निरोपाला सगळे म्हणाले, दोन शब्द बोला. शालिकराम हार घालून उभे, आणि पुन्हा तेच, तोंडातून शब्द फुटेना. अन्सारभाई हसत उठले, दारात जाऊन उकिडवे बसले.

"कावून आला गा? नाई पायजे आमाले काई!"

"नको तं नको, भाऊ..." शालिकरामांनी सुरुवात केली आणि गळ्यातला हार उगाच चाचपला. "पन उद्यापासून मले नाई कोन म्हनन?"

अन्सारभाईंना दारातून उठताच येईना.