उलटा चढलेला घाट

लढाईचा काळ होता. मी धुळ्याला एका डॉक्टरांची मोटार चालवत असे. माझा थोरला भाऊ शहाद्याच्या पलीकडे सातपुड्यात, घाटरस्त्याच्या कामावर मुकादम होता. एके सकाळी तार आली : सुरुंगाचा दगड पडून भावाचा पाय चिरडला. खाटेवर खाली आणायचं तर वाटेतच रक्त जाऊन संपेल, अशी भीती. डॉक्टर एवढंच म्हणाले, "माझी पेटी घे. निघू."

सपाटीला गाडी बरी पळाली. पण पिस्टनच्या रिंगा झिजल्या होत्या, आणि लढाईमुळे नव्या मिळत नव्हत्या. हँडल मारताना हाताला कॉम्प्रेशन, म्हणजे आतल्या दाबाचा विरोध, लागतच नसे. घाट चढू लागलो तशी हवा विरळ होत गेली. आधीच दम न धरणाऱ्या त्या इंजिनाला आता श्वासही पुरेना. पहिल्या गिअरलासुद्धा गुदमरायचं, काळा धूर ओकायचं. एका वळणावर बंदच पडलं.

चाकांमागे दगड लावले. काजळलेले प्लग पुसले, कार्बोरेटरचं पेट्रोल कमी केलं. चारदा चालू केली, चारदा विझली.

"किती राहिलंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोन कोस."

साठी उलटलेला, दम्याचा माणूस. चालून चढणं त्यांना शक्य नव्हतं. मी बॉनेटवर डोकं टेकून रडलो. मग एकदम सुचलं, रिव्हर्स गिअरला जोर सर्वांत जास्त असतो. गाडी कशीबशी फिरवली आणि मान मागे वळवून घाट उलटा चढू लागलो. दरीच्या बाजूने डॉक्टर डोकं बाहेर काढून ओरडत होते, "आत घे! अजून आत!" मध्ये तीनदा थांबून इंजिन गार करावं लागलं.

पोचलो तेव्हा दुपार कलली होती. भाऊ झाडाखाली पांढराफटक पडला होता. मांडीला कुणीतरी पागोटं आवळून बांधलेलं.

"तू उना का रे?" मी आलो का, असं तो आमच्या घरच्या बोलीत पुटपुटला.

डॉक्टरांनी तिथेच शिरा बांधल्या. आम्ही त्याला धुळ्याच्या दवाखान्यात आणलं. पाय गुडघ्यावरून कापावा लागला.

शुद्धीवर आल्यावर त्याने विचारलं, "मना पाय शे ना रे?"

"शे," मी म्हणालो. एक पाय तर होताच.

खरं कळल्यावर तीन दिवस तो माझ्याशी बोलला नाही.