वायरमनचा भात

आचाऱ्याच्या बायकोनं त्याचा चेहरा पाहिला तो बऱ्याच उशिरा. आधी पाहिला तो त्याचा हात. कारखान्याच्या कॅन्टीनच्या खिडकीतून डाव धरलेला तेवढा एक हात बाहेर यायचा आणि ताटात बटाट्याचा रस्सा पडायचा. ही तेव्हा पॅकिंग खात्यात नवीन लागली होती. तिसऱ्या दिवशी तिनं सरळ खिडकीत डोकं घातलं आणि विचारलं, "हे कोण करतं?"

"मी," आतून आवाज आला. लग्न त्याच दिवशी ठरलं म्हणायचं, बाकीचे सोपस्कार नंतर झाले.

गडी चारशे माणसांचं रांधून घरी यायचा आणि पुन्हा चुलीपुढे उभा राहायचा. बायकोला स्वयंपाकघरात फक्त पाणी उकळायची परवानगी होती. ताट वाढून झालं की खांद्यावर फडका टाकून तो तिच्यासमोर उभा राही. तिनं पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि "अहाहा, काय झालंय!" म्हटलं की मगच तो खाली बसे. बाहेर चारशे माणसं वाहवा करोत, त्याचं पोट भरायचं ते या एका "अहाहा"नं. सहा वर्षं हे बिनबोभाट चाललं.

मग तिला दिवस गेले. दुसऱ्या महिन्यातल्या एका संध्याकाळी यानं कांदा परतायला टाकला आणि ती तोंडावर हात दाबून न्हाणीघराकडे धावली. दुसऱ्या दिवशी लसणानं तेच, तिसऱ्या दिवशी नुसत्या तापलेल्या तेलानं. चौथ्या दिवशी कढईसुद्धा नको, याच्या अंगाला येणारा वासच पुरेसा झाला. बिचाऱ्यानं दोनदा अंघोळ केली, केसांना लिंबू चोळलं. तरी ती म्हणाली, "रागावू नकोस, पण तू जरा खिडकीकडे तोंड करून झोप."

नर्सबाई म्हणाल्या, असं होतं, चार-दोन महिन्यांत जाईल. तेही त्यानं मान्य केलं. तिला कुणाच्याच हातचं खाववत नसतं तर तो गप्प बसला असता. पण तिला खाववत होतं. वायरमनचं.

वायरमन वरच्या मजल्यावर एकटा राहायचा. लोकांचे पंखे, इस्त्र्या, मिक्सर घरी आणून दुरुस्त करायचा. दिवसातून एकदा भात चढवायचा, मग एखाद्या उघड्या पंख्यावर वाकायचा आणि भात विसरायचा. करपल्याचा वास आला की त्याला आठवायचं की आपल्याला भूक लागली आहे. एक दिवस ही इस्त्री आणायला वर गेली, टोपातला तो भात पाहिला आणि तिथेच स्टुलावर बसून अर्धा टोप संपवला. उरलेला वाटीत घालून खाली घेऊन आली.

आचाऱ्यानं वाटीत पाहिलं. वर गिच्च गोळा, मध्ये कच्ची कणी, खाली काळी खरवड. मीठ नावाला नाही.

"हे तू खातेस?"

"हेच तर पोटात राहतं," ती खरवड कुरूमकुरूम चावत म्हणाली. "तुला नाही रे असं जमायचं."

त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवसापासून त्याला वायरमनचं सगळंच खुपायला लागलं. त्याची जिन्यातली चप्पल, त्याचं शीळ घालणं, रोज दुपारी भात आणून दारावर टकटक करून "वहिनी, वाटी!" म्हणणं. वायरमननं फुलं दिली असती, चिठ्ठ्या लिहिल्या असत्या, तर आचाऱ्यानं त्याला जिन्यातच धरला असता. पण करपलेल्या भातावरून माणसाची गचांडी कशी धरायची?

मग त्यानं स्वतः भात करपवून पाहिला. ते काही त्याला साधेना. टोपातून येणारी वाफ जरा बदलली की त्याचा हात आपोआप गॅसच्या बटणाकडे जायचा. हात पाठीमागे बांधून उभा राहिला, तर पायच त्याला शेगडीकडे घेऊन गेले. वीस वर्षांची सवय, ती काय बायकोसाठी मोडणार? दर वेळी भात मोकळा, पांढराशुभ्र, आणि दर वेळी ती नाक दाबून दुसऱ्या खोलीत.

एका रविवारी ती झोपली असताना वायरमन वाटी देऊन गेला. आचारी वाटीकडे बघत राहिला. आणि मग त्यानं जे केलं ते फक्त आचारीच करू जाणे. काळे तुकडे वेचून काढले. गोळे चमच्यानं फोडले. चिमूटभर मीठ, बोटाएवढं लोणी, वरून मिरपूड. आपण चोरून चोराचाच माल सुधारून देतोय, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. इतका बिघडलेला जिन्नस समोर असताना त्याला राहवेना, आणि वायरमनच्या नावावर का होईना, तिनं पुन्हा एकदा आपल्या चवीला "अहाहा" म्हणावं, एवढीच त्याची धडपड होती.

तिनं एक घास घेतला आणि धावली.

त्यानंतर वायरमनची वाटीही बंद झाली. "त्या भातालाही आता तुझ्या हाताचा वास यायला लागलाय," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली. चार दिवस पाणी आणि कोरडी बिस्किटं. नर्सबाईंनी तिला काट्यावर उभं केलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पुढच्या बुधवारपर्यंत वजन वाढलं नाही तर दाखल करून घ्यावं लागेल. बाळाला लागतं हो."

आचाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो तसाच जिना चढून वर गेला आणि वायरमनला सगळं सांगून टाकलं.

वायरमननं स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "म्हणजे तुम्ही माझ्या भातात मीठ घातलंत?"

"घातलं. लोणीपण."

"मला कधी सुचलं नाही बघा. कसा लागत होता?"

"अहो, तिचं वजन उतरतंय! मला तुमचा भात शिकवा."

"त्यात शिकवण्यासारखं काय आहे? मी विसरतो, बस."

पण याला विसरता येत नव्हतं, तीच तर रड होती. शेवटी वायरमननं डोकं चालवलं. आचाऱ्यानं भात चढवायचा आणि लगेच टेबलावरचा पंखा उघडायला घ्यायचा. आयुष्यात कधी स्क्रू न पिळलेला तो माणूस जीभ दातांत धरून वाकला. एक स्प्रिंग उडून कपाटाखाली गेली. दोघं पोटावर पडून ती शोधू लागले. आचाऱ्याचं नाक एकदम वर झालं.

"अजून नाही," वायरमननं त्याचं मनगट घट्ट धरलं. "अजून नाही. आता उठा."

वाटी वायरमनच घेऊन गेला. आचाऱ्यानं त्याला बजावलं होतं, "माझं नाव काढू नका. नाव ऐकूनच मळमळायला लागेल तिला." स्वतः जिन्यात उभा राहून तो ऐकत होता. आधी वाटीत चमचा खरवडल्याचा आवाज. आणि मग तिचा आवाज, "अहाहा! दादा, काय झालाय! तुमचा हात पुन्हा पहिल्यासारखा झाला."

आचारी कठडा धरून उभा राहिला. ती जेवली म्हणून त्याचे डोळे भरून आले, आणि ते "अहाहा" दुसऱ्याच्या पदरात पडलं म्हणून जळफळाटही झाला. दोन्ही एकदमच झालं.

एकवीस दिवस हेच चाललं. वजन वाढलं, नर्सबाईंच्या आठ्या गेल्या. इकडे ती उठता-बसता वायरमनचे गोडवे गायची. "दादांसारखा भात कुणाला जमायचा नाही," असं याच्या तोंडावर म्हणायची. आपण रांधायचं, आपल्याच रांधण्याचं कौतुक दुसऱ्याच्या नावानं ऐकायचं, आणि वर आपणच जळायचं, अशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये. आणि बोलायची सोय नाही, कारण बोललं की मीठ-लोण्याचं प्रकरणही बाहेर येणार.

पाचव्या महिन्यात मळमळ आली तशी गेली. कांदे पुन्हा परतले जाऊ लागले, खिडकीकडचं तोंड इकडे वळलं. यथावकाश मुलगी झाली. तिला चार दात आले आणि ती भात खायच्या वयाची झाली, तेव्हा बायको म्हणाली, "पहिला भात दादांच्या हातचा. त्याच्याच जिवावर तगलो आम्ही दोघी."

आचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं.

वायरमन इस्त्रीचा शर्ट घालून, झाकलेली वाटी घेऊन आला. मोठ्या दिमाखात त्यानं झाकण काढलं. शीत न् शीत मोकळं, पांढराशुभ्र भात, वर लोणी वितळत होतं. एकवीस दिवस आचारी भात चढवायचा तेव्हा वायरमनला दुसरा उद्योग नव्हता. तो नुसता बघत होता, आणि बघून शिकला होता.

बायकोनं चव घेऊन पाहिली आणि चमचा खाली ठेवला.

"दादा, हा तुमचा नाही."

"माझाच आहे, वहिनी. शपथ घेतो."

"तुमचा असा कधीपासून व्हायला लागला? मला द्यायचात तो कसा असायचा!"

वायरमननं आचाऱ्याकडे पाहिलं. आचाऱ्यानं खांद्यावरचा फडका काढला, घडी केली, पुन्हा खांद्यावर टाकला. तिची नजर दोघांवरून दोनदा फिरली.

"मग तो कोण करत होतं?"

"मी," आचारी म्हणाला.

"रोज?"

"मळमळ जाईपर्यंत. रोज."

"आणि मी दादांचं एवढं कौतुक करायचे तेव्हा?"

"तेव्हा मी जिन्यात उभा असायचो."

ती हसायला लागली. हसता हसता डोळे पुसू लागली, आणि मग नुसतीच पुसत राहिली. "उद्या कर," ती म्हणाली. "तसाच. खरवडीसकट. एकदा तुझा म्हणून खायचाय मला."

आचाऱ्यानं मान डोलावली. तेवढ्यात मांडीवरची पोरगी दोन्ही हात पसरून वायरमनच्या वाटीकडे झेपावली, तेव्हा मात्र आचाऱ्यानं ती वाटी हळूच टेबलाच्या पार पलीकडच्या टोकाला सरकवली.