ताईनं आईला काय सांगितलं

मिरकरवाड्याच्या जेटीवर मी एका लाँचच्या इंजिनात हात घालून बसलो होतो. शेजारचे वासूकाका आले, खांद्याला हात लावून काहीतरी बोलले, पण त्यांचे ओठ इतके थरथरत होते की मला कळेना. मी जन्मापासून बहिरा. गिऱ्हाइकांसाठी जवळ पाटी ठेवतो. ती उचलून त्यांनी लिहिलं, ‘शैला गेली.’ कुठे गेली, असं मी खुणेनं विचारलं...

त्याला आता सहा आठवडे झाले. शैलाताई माझी थोरली बहीण, रत्नागिरीतल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. प्रयोगशाळेत खुर्चीत बसल्या बसल्याच तिचं हृदय बंद पडलं. तिलाही ऐकू कमी यायचं, पण यंत्र लावून ती निभावून न्यायची. मला लिहा-वाचायला तिनंच शिकवलं. आमची खुणांची भाषा आम्ही दोघांनी लहानपणी घरातच जमवलेली. आईला ती निम्मीच यायची. आता ती येणारा मी एकटा उरलो आहे.

माझ्या बहिरेपणाचं खापर बाबांनी आईवर फोडलं होतं. मी पोटात असताना तिनं ग्रहणात भाजी चिरली, म्हणे. बाबा लवकर गेले, पण आईनं ते शब्द जपून ठेवले. नव्याण्णवच्या ग्रहणाला सत्तरीची आई पाण्याचा थेंबही न घेता देवापुढे बसून राहिली, माझ्याकडे पाठ करून. ताईनं ते दारातून पाहिलं आणि मला खूण केली, ‘आता पुरे.’

पुण्यातल्या एक डॉक्टरबाई बहिरेपणा असलेल्या कुटुंबांचं रक्त तपासत होत्या. ताईनं आम्हा तिघांचं पाठवलं. उत्तर यायला सहा वर्षं लागली. पाकीट घेऊन ती तडक जेटीवरच आली. कानाच्या आत केसाळ पेशी असतात, आवाज आला की त्यांच्यात कॅल्शियम शिरतं, आणि पेशीच्या पडद्यावरचा एक पंप ते बाहेर फेकतो. हा पंप कसा घडवायचा हे ज्या जनुकात लिहिलेलं असतं, त्यात माझ्याकडे एका अक्षराचा फरक होता. दुसऱ्या एका जनुकातला दोष आम्हा दोघांत सारखाच. पण ताईचा पंप धड, म्हणून तिला थोडंफार ऐकू येई. नुसत्या कमजोर पंपानं कोणी बहिरं होत नाही, पण माझ्यात दोन्ही दोष एकत्र आले, म्हणून त्या पेशी टिकल्याच नाहीत. मी लाँचमधल्या पाणी उपसायच्या पंपावर बोट ठेवलं. ‘अगदी तसंच,’ ती म्हणाली आणि तिनं मान खाली घातली. ‘तुझ्याऐवजी माझा बिघडला असता तर...’ मी तिचे हात धरले. हात धरले की आमचं बोलणं थांबायचं.

संध्याकाळी ती आईजवळ बसली, मला दोघींचे ओठ दिसतील अशी.

‘मग त्या ग्रहणाचं काय गो?’ आईनं विचारलं.

‘ग्रहणाचा काही संबंध नाही. हे रक्तातून येतं.’

‘कोणाच्या? माझ्या?’

‘नाही गो आई. बाबांच्या.’

आई म्हणाली, ‘त्यांना कळायला हवं होतं,’ आणि पदर डोळ्यांना लावला. पुढच्या ग्रहणाला तिनं स्वतःहून विळी मागितली आणि आमच्यासाठी काकडी चिरली. त्यानंतर ती फार जगली नाही, पण जगली ती हलकी होऊन.

गेल्या रविवारी कॉलेजातून ताईच्या कपाटातल्या वस्तू घरी आल्या. त्यात पुण्याचा तो कागद होता. इंग्रजी मला जेमतेम येतं, तरी आमची तीन नावं वाचता आली. पंपाच्या जनुकाची ओळ माझ्या नावापुढे होती, ताईच्या नावापुढे नव्हती. आईच्या नावापुढे मात्र होती, अक्षर न् अक्षर माझ्यासारखीच.

आई गेल्यावरही ताईनं हे मला सांगितलं नाही. रोज समोरासमोर जेवायला बसत होतो आम्ही... एवढं मोठं खोटं एकटीनं बाळगून ती राहिली.

घरात दुसरं कोणी नव्हतं. तरी मी हात उचलले आणि तिला सांगितलं, ‘बरं केलंस.’