रेडियमचे राखणदार

रेडियम या शब्दाची अब्रू राखण्यासाठी भर रस्त्यात गाडी थांबवून वाद घालणारा माणूस साऱ्या महाराष्ट्रात एकच असेल, आणि तो नेमका माझा मामेसासरा निघावा, हा माझ्या पत्रिकेतला दोष आहे. मामा सोलापुरातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले. रसायनं त्यांनी शेकड्यांनी शिकवली असतील, पण जीव जडला तो एकावरच, रेडियम सल्फेटवर. आता रेडियम म्हटलं की तुमच्या-माझ्या डोळ्यांपुढे काय येतं? नंबरप्लेटवर चिकटवायचा चमकणारा कागद. मामांचं डोकं फिरतं ते इथेच. माझ्या नव्या गाडीवर नंबर टाकायला आम्ही पार्क चौकाजवळच्या एका दुकानात गेलो, तर दारावर पाटी: 'सर्व प्रकारचे रेडियम कापून मिळेल.' मामांनी आधी चष्मा पुसला. मग दुकानदाराला अगदी शांतपणे विचारलं की हे ठेवण्याचा परवाना कुठे आहे, शिशाची पेटी कुठे आहे, आणि तुमची बोटं अजून शाबूत कशी? तो बिचारा हातातली कात्री तशीच धरून म्हणाला, "चाचा, रात कू चमकताय. और क्या होना?" झालं. मामांनी त्याला स्टुलावर बसवलं आणि मूलद्रव्य म्हणजे काय, इथपासून सुरुवात केली. माझा नंबर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दुकानातून टाकून घ्यावा लागला.

गंमत अशी की हे रेडियम सल्फेट मामांनी जन्मात पाहिलेलं नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ते येण्याचा प्रश्नच नव्हता. पण बोलतात असं, की जणू काल-परवा त्याच्याकडे जेवून आले. ते पांढरं असतं, पण आपल्याच किरणांनी भाजून हळूहळू पिवळं पडतं. सोळाशे वर्षं गेली तरी त्यातलं अर्धं रेडियम शिल्लक राहतं. पोटाच्या एक्स-रेआधी पाजतात ते खडूच्या पाण्यासारखं बेरियम सल्फेट म्हणजे त्याचा सख्खा धाकटा भाऊ, आणि या धाकट्याची चौकशीही मामा घरच्यासारखी करतात. एका शेजाऱ्याला ते पाजलं असं कळल्यावर मामा त्याला भेटायला गेले, ते त्याच्या पोटाचं विचारायला नव्हे, तर चव कशी होती ते विचारायला. मामी म्हणतात, "सवत परवडली असती. निदान एकदा दिसली तरी असती."

पण त्याचा खरा गुण म्हणजे ते पाण्यात विरघळत नाही. सगळ्या सल्फेटांत हट्टी तेच. मामांनी याच गुणावर माणसांची वर्गवारी केली आहे. कुणाच्याही बैठकीत बसून त्यांच्यातलाच होऊन जाणारा माणूस म्हणजे नायट्रेट, कारण नायट्रेट म्हटलं की ते पाण्यात विरघळणारच. मी नायट्रेट आहे, असं त्यांनी माझ्या साखरपुड्यातच जाहीर केलं होतं. मी त्या दिवशी सगळ्यांच्या विनोदांना हसत होतो, हा माझा गुन्हा. स्वतः मामा अर्थातच कुठल्या पाण्यात विरघळले नाहीत. खोटं बोलवत नाही म्हणून त्यांनी किती माणसं तोडली असतील, देव जाणे. मृत माणसाच्या घरी जाऊन 'फार चांगले होते' एवढंदेखील त्यांच्या तोंडून पुराव्याशिवाय निघत नसे.

या प्रेमामागचं कारण मला लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी कळलं. मामा शाळेत असताना त्यांच्या आईला पिशवीचा कॅन्सर झाला. मिरजेला नेऊन तिच्या पोटात काही दिवस रेडियमच्या सुया ठेवल्या. त्या सुया आत मोडल्या तर, या धास्तीने पोराला झोप येत नव्हती. पुढे कॉलेजात त्याने वाचलं की त्या काळी सुयांत रेडियम सल्फेट भरत. का, तर सुई फुटलीच तरी ते विरघळत नाही, रक्तातून हाडांत जाऊन बसत नाही. आई त्या आजारातून उठली आणि नातवंडं खेळवून गेली. आपल्या आईच्या बाजूने आधीच कुणीतरी इतका विचार करून ठेवला होता, हे कळल्यावर तो पोरगा त्या पांढऱ्या भुकटीचा जन्माचा ऋणी झाला. हे कळल्यापासून मला मामांची थट्टा करताना जरा जपूनच करावीशी वाटते.

गेल्या वर्षी त्यांच्या थोरल्या बहिणीला, वैरागच्या अक्काला, तोच आजार निघाला. बार्शीच्या डॉक्टरांनी किरणांचे उपचार सांगितले. आमच्याकडे त्याला 'लाईट देणं' म्हणतात. आणि लाईट दिली की माणूस आतून जळतं, हे अक्काच्या मनात कुणीतरी पक्कं भरवलं होतं. ती वैरागहून हलेना. "आईला लाईट न्हवती दिली. रेडियम दिलं हुतं. ते असलं तर येते, न्हायतर मला हितंच ऱ्हाऊ द्या," म्हणाली.

आणि मामांनी काय करावं? तिला खरं सांगितलं. रेडियम आता कुणी वापरत नाही, त्यातून किरणोत्सारी वायू निघतो, त्याहून चांगली साधनं आली आहेत, हे सगळं तासभर समजावलं. अक्काने त्यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं. "मग ऱ्हाऊ दे की," म्हणाली आणि भाजी निवडू लागली. परतीच्या वाटेवर गाडीत मी मामांना पहिल्यांदा म्हातारं झालेलं पाहिलं.

शेवटी डॉक्टरांकडे नुसतं बोलायला म्हणून अक्काला कसंबसं आणलं. डॉक्टरांनी समजेल अशा मराठीत सांगितलं, की आधी बाहेरून किरण देऊ, मग थोडा वेळ आतून, त्यासाठी आम्ही इरिडियम वापरतो. अक्काने मान वर केली. डॉक्टरांकडे नाही, भावाकडे बघितलं.

"रेडियमच म्हनले न्हवं रं? आईचं?"

इरिडियम वेगळं, रेडियम वेगळं. हा फरक न कळणाऱ्याला मामांनी आजवर जेवू दिलेलं नाही. मामांनी अक्काचा हात हातात घेतला.

"व्हय अक्का. आईचंच."

उपचार पुरे झाले. डॉक्टर अजून 'बरं झालं' म्हणत नाहीत, 'बघू' म्हणतात. मामा आता दर रविवारी वैरागची एसटी धरतात. अक्का ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना सांगते, की भिऊ नका, मला भावानं रेडियम मिळवून दिलं. मामा शेजारी बसून ऐकतात, मान हलवतात. परवा मीही गेलो होतो. परत येताना विचारलं, तिला खरं कधी सांगणार?

"बरी झाली की सांगेन," मामा म्हणाले. मग तिकिटाची बारीक घडी घालत म्हणाले, "नको. आईचं म्हणून तिच्याकडे तेवढंच आहे."